सूड घेणाऱ्या भुताच्या हाती मोबाइल द्यावा का?

धागा
प्रेमात फसवली गेलेली स्त्री भूत होऊन जुन्या प्रियकराचा सूड घेते, ही कल्पना जुनीच आहे. मात्र हल्लीच्या कथांत ती दारात उभी न राहता मोबाइलमधून येते आणि तिथेच कथेतला दम निघून जातो, असे माझे मत आहे. नंबर ब्लॉक करता येतो, फोन बंद करता येतो. सूड समोरासमोरच हवा. १८२५ साली रंगभूमीवर आलेल्या ‘योत्सुया काइदान’ या जपानी नाटकातली ओइवा विषाने विद्रूप झालेला तोच चेहरा घेऊन विश्वासघातकी नवऱ्यासमोर येते. तिला मध्यस्थ यंत्र लागत नाही.

प्रतिसाद १
असहमत. ओइवाचा सर्वांत गाजलेला प्रवेश कागदी कंदिलातून बाहेर येण्याचा आहे, हे आपण विसरलात. कंदील ही त्या काळी रोजच्या वापरातली वस्तू होती, आज ती जागा फोनने घेतली आहे. मोर्सचा तारसंदेश १८४४ साली वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला गेला आणि चारच वर्षांनी अमेरिकेतल्या फॉक्स भगिनी ‘टकटक’ असे आवाज मोजून मृतांशी बोलत असल्याचे सांगू लागल्या. भुतांनी काळाची साधने कधी नाकारलेली नाहीत.

आता व्हॉट्सॲपवरचा हा कल्पित प्रसंग पाहा. तिच्या मृत्यूच्या रात्री त्याने पाठवलेल्या ‘पोहोचलीस का?’ या संदेशापुढे वर्षभर एकच करडी खूण आहे. एका पहाटे तिथे दुसरी खूण उमटते, मग दोन्ही निळ्या होतात आणि वर ‘टाइप करत आहे’ असे दिसू लागते. उत्तर मात्र येत नाही. दुसऱ्या रात्रीही तेच.

प्रतिसाद २
प्रसंग चांगला आहे, पण फॉक्स भगिनींचा दाखला आपल्यावरच उलटतो, कारण ती टकटक पायाच्या बोटांनी काढलेली होती, अशी कबुली त्यांच्यापैकी एकीने १८८८ साली जाहीरपणे दिली होती. शिवाय न पोहोचलेला संदेश व्हॉट्सॲप ३० दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाकते आणि १२० दिवस न वापरलेले खाते सहसा बंद होते, त्यामुळे वर्षाने दुसरी खूण येणे शक्यच नाही.

प्रतिसाद १
म्हणून तर ती भुताची गोष्ट आहे! नियम ठाऊक असलेला वाचकच तिथे सर्वाधिक घाबरेल.

प्रतिसाद ३
माझा आक्षेप वेगळाच आहे. जुन्या प्रियकराचे ठिकाण पाहणारे, पासवर्ड ओळखणारे आणि नव्या जोडीदाराला जुने फोटो पाठवणारे भूत मला भूत वाटतच नाही. जिवंत माणसे नकार पचला नाही की नेमके हेच करतात. अशा कथेत वाचकाची सहानुभूती नकळत फसवणाऱ्याकडे जाते आणि जिच्यावर अन्याय झाला ती छळ करणारी ठरते. ओइवाच्या बाबतीत असे होत नाही.

धागाकर्ता
हा मुद्दा माझ्या मूळ आक्षेपापेक्षा वजनदार आहे. प्रतिसाद १ मधल्या प्रसंगात मात्र ती हेरगिरी करत नाही, धमकी देत नाही. त्यानेच विचारलेला प्रश्न वाचते, एवढेच. तेवढा प्रसंग मान्य. पण मग तो फोन बंद का करत नाही, याचे उत्तर कथेने द्यायला हवे.

प्रतिसाद १
ती काय टाइप करते आहे, हे त्याला कळायला हवे असते.