सिनियर केजीला रोज तीन पानं होमवर्क, नाशकात सगळीकडे असंच आहे का?

गंगापूररोडची_आई
नमस्कार मंडळी, मुलगा जूनमध्ये पाच वर्षांचा झाला, सिनियर केजीत आहे, शाळेचं नाव घेत नाही. रोज तीन पानं लिहायला, त्यात कर्सिव्ह आणि 1 ते 50 स्पेलिंगसकट, परवा पेन्सिल टाकून दिली म्हणे हात दुखतो, आणि मॅडमचं म्हणणं घरी प्रॅक्टिस कमी पडते. माहितीपत्रकात ‘सर्वांगीण विकास’ मोठ्या अक्षरात, म्हणजे काय तर शनिवारी स्केटिंग आणि अबॅकस, फी वेगळी! पहिलीला शाळा बदलायचा विचार चाललाय, नवीन शाळेत बघायचं तरी काय?

सिडकोकर_बाबा
ताई थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच, कारण पालकांनाच भरलेल्या वह्या बघायच्या असतात. वही कोरी दिसली की ग्रुपवर बोंबाबोंब सुरू.

बालवाडीताई
बरीच वर्षं पंचवटीत बालवाडी घेतली म्हणून जरा लांब लिहिते. हात दुखतो म्हणतो ते नाटक नाही हो, या वयात बोटांचे नि मनगटाचे स्नायू अजून तयार होत असतात. त्याला मटार सोलायला द्या, कणकेचे गोळे करू द्या, दोऱ्यात फुलं ओवू द्या, जुन्या वर्तमानपत्राचे कपटे करू द्या, हीच लिहिण्याची तयारी. आकड्यांचंही तसंच, शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं पोर ‘ताटापाशी सात चमचे ठेव’ म्हटलं की मूठभर आणून ठेवतं, मी कितीदा बघितलंय.

आणि हे माझ्या मनाचं नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. त्याचा आराखडा ऑक्टोबर 2022 मध्ये आला, त्यात 3 ते 6 वयाला ठरावीक पाठ्यपुस्तकच नको म्हटलंय, आणि शरीर, भावना, बुद्धी, भाषा, कला सगळ्यांना जागा दिलीय. केंद्राच्या दप्तराच्या ओझ्याबद्दलच्या धोरणात तर दुसरीपर्यंत होमवर्क नको असं आहे. त्याच्या कितीतरी आधी, 1945 पासून, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला शंख-शिंपले, खडे, पानं घेऊन हेच करत होत्या.

नाशिकरोड_पप्पा
ऐकायला छान आहे पण पहिलीला गेल्यावर बाकीची पोरं वाचतात आणि आपलं बघत बसतं त्याचं काय? आणि बऱ्याच शाळा ॲडमिशनलाच टेस्ट घेतात.

बालवाडीताई
प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातच मनाई आहे, लोक विचारत नाहीत म्हणून चालतं. वाचनाचं म्हणाल तर शिकवायचंच नाही असं कोण म्हणतंय? गोष्ट सांगा, ती पुन्हा त्याच्याकडून ऐका, पाट्या वाचा. सिटी बसवर ‘पंचवटी’ लिहिलंय त्यातला ‘प’ ओळखला की पोरगं आठवडाभर सगळीकडे ‘प’ शोधतं. माझ्या मते खरी गडबड वेळापत्रकात असते, खेळाचा तास पहिला कापला जातो.

ताई, शाळा बघायला जाल तेव्हा स्मार्ट बोर्ड बघू नका. आज सकाळी मुलांनी काय केलं ते विचारा. वर्गातली खेळणी मुलांच्या हाताला लागतात की कपाटावर प्लास्टिकसकट ठेवलीत ते बघा, भिंतीवर पंचवीस एकसारखे मोर असले तर ते बाईंनीच काढलेत समजा. आणि मुलं बाईंना मधेच प्रश्न विचारतात का तेही.

गंगापूररोडची_आई
मोर!! आमच्याकडे भिंतीवर सगळे आंबे सारखे आहेत 😀 सोमवारी जाऊन मॅडमशी होमवर्कचं बोलते. मखमलाबादकडे एक मराठी माध्यमाची शाळा ऐकलीय, पण नवरा म्हणतो इंग्रजीचं काय.

सिडकोकर_बाबा
ते नवऱ्याला इथेच लिहायला सांगा, वेगळा धागा काढू, कारण तो विषय निघाला की रात्र पुरत नाही. आणि मखमलाबादला जाणार असाल तर आधी व्हॅनचं विचारा, गंगापूर रोडवरून तिकडे कोणी जातं का बघावं लागेल.