घरबसल्या संगीत-आस्वादाचा अभ्यासक्रम: सम कशी ओळखावी?

राजारामपुरीची श्रोती:
हिंदुस्थानी संगीताच्या आस्वादाचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी सध्या माझ्या सवडीने, बहुतेक दुपारची झाकपाक आटोपल्यावर, पाहते आहे. ताल, राग, घराणी यांवरचे धडे समजतात आणि प्रत्येक धड्याखालची प्रश्नावलीही बिनचूक सुटते. परंतु कोल्हापूरच्या देवल क्लबात बैठकीला जाऊन बसले, की आजूबाजूच्या जाणत्या मंडळींच्या माना समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, हलतात आणि मला मात्र ती येऊन गेल्यावर कळते. गाणे शिकण्याचा विचार नाही, नीट ऐकता यावे एवढीच इच्छा आहे. पुढचे धडे पाहत जावे, की येथेच थांबावे?

ठेकेदार (तबल्याचा):
ताई, पुढचे धडे कुठे पळून जात नाहीत. सवडीचा अभ्यासक्रम घेतला आहे, तर अडले तिथे खुशाल महिनाभर मुक्काम करावा.

16 मात्रांच्या त्रितालात समेआधी काल, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडतात तो भाग, शोधावा. ‘धा धिं धिं धा’ दोनदा झाले, की ‘धा तिं तिं ता’ येते. त्यातल्या पहिल्या ‘तिं’ला, म्हणजे 10व्या मात्रेला, डग्ग्याचा (डाव्या हाताच्या खर्जाच्या वाद्याचा) घुमारा थांबतो आणि 14व्या मात्रेच्या ‘धिं’ला तो परत येतो. तो परतला, की मनात ‘धिं धिं धा’ म्हणावे; त्यापुढची मात्रा समेची. सुरुवात मध्यलयीतल्या बंदिशीने करावी, कारण अतिविलंबितात, म्हणजे अगदी संथ लयीत, दोन मात्रांमधली जागा तबलजी भरत जातो आणि नवख्याचा हिशेब हमखास चुकतो.

मंगळवार पेठ:
वरील सल्ला योग्यच आहे, मात्र बोटे मोजण्यातच बैठक संपू नये. गवई ज्या मुखड्याने, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याने, समेवर येतो, तो कानात बसला, की मोजण्याची गरज फारशी उरत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने आपल्या गावात राहिलेल्या उस्ताद अल्लादियाखाँ (1855–1946) यांच्या जयपूर-अत्रौली गायकीत एरवी संथ असणारा बडा ख्यालही पुष्कळदा त्रितालात आणि फार न रेंगाळणाऱ्या लयीत असतो, त्यामुळे केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांच्या जुन्या तबकड्या या कामाला सोयीच्या आहेत. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असल्याने तीच चीज लागोपाठ कितीही वेळा ऐकता येते.

या घराण्याच्या जोडरागांच्या (दोन राग मिसळून केलेल्या रागांच्या) वाटेला मात्र इतक्यात जाऊ नये. आधी भूप आणि देशकार लागोपाठ ऐकावेत. स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूप गंधाराला धरून राहतो आणि देशकार धैवताला. प्रश्नावलीत केवळ स्वर विचारून मोकळे होतात, हे मला अशा अभ्यासक्रमांचे वैगुण्य वाटते.

राजारामपुरीची श्रोती:
दोघांचेही आभार. त्रितालाचा धडा पुन्हा ऐकला, परंतु घुमारा थांबल्याचे काही केल्या जाणवत नाही. पोळ्या करताना फोन ओट्यावर ठेवून ऐकते, त्यामुळे तर नसेल?

ठेकेदार (तबल्याचा):
त्यामुळेच असणार. फोनच्या इवल्या स्पीकरमधून खर्जाचे नाद जवळजवळ उमटतच नाहीत. उजव्या तबल्याचे बोल तेवढे कानावर पडतात आणि मग ‘धिं’ व ‘तिं’ सारखेच वाटतात. साधे हेडफोन लावले तरी फरक कळेल. जुन्या तबकड्यांत डग्गा मुळातच क्षीण उमटलेला असतो, तेव्हा त्या मुखड्यासाठी ठेवाव्यात आणि घुमाऱ्यासाठी अलीकडचे एखादे स्वच्छ ध्वनिमुद्रण निवडावे.