जोजो: मार स्टँडला, मग जखम मालकाला का नाही?

प्रश्न: जोजो या जपानी मांगा-ॲनिमेत स्टँडला (मालकाच्या मनःशक्तीचं लढणारं रूप) लागलं की मालकालाही लागतं ना? मग चौथ्या भागात हार्वेस्ट या स्टँडचे दोन-तीन चिरडले तरी त्याचा मालक शिगेची ठणठणीत कसा?

उत्तर १: हार्वेस्ट म्हणजे झुंड, जवळपास ५०० जणांची. इजा तेवढ्यांत वाटली जाते, दोन-तीन गेल्यानं ओरखडाही उठत नाही. जोतारोचा स्टँड स्टार प्लॅटिनम एकटाच; तिथे फटका थेट जोतारोला.

उत्तर २: पल्लाही बघा, म्हणजे स्टँड मालकापासून किती लांब जातो ते. स्टार प्लॅटिनम जेमतेम २ मीटर, पण ठोसा दणदणीत. हायरोफंट ग्रीन हा स्टँड १०० मीटरवर जातो, ताकद बेताची.

उत्तर ३: अपवाद शियर हार्ट अटॅक, म्हणजे खलनायक किराच्या स्टँडच्या डाव्या हातातून सुटणारा बॉम्ब. लांब जाऊनही जोर तोच, पण अक्कल शून्य: जास्त गरम दिसेल तिकडे वळतो. मात्र एकोज ॲक्ट ३ या स्टँडनं त्याला जड केलं, तसा तिकडे किराचा डावा हातही जड झाला. म्हणजे नाळ तुटलेली नाहीच!