संदकफू: ट्रेकर्स हटमध्ये राहून, सामान किती?

नोव्हेंबरात दार्जिलिंगजवळच्या संदकफू शिखराच्या ट्रेकला मानेभंज्यांग गावाहून निघतोय. तंबू नाही. स्लीपिंग बॅग घ्यावी का? सह्याद्रीची सवय पुरेल ना?

उत्तर १: बॅग नको, हटमध्ये रजया मिळतात. सुती लायनर (आत शिरून झोपायची पातळ पिशवी) मात्र घ्याच, रजया रोज धुतल्या जात नाहीत. गाइड सक्तीचा आहे, मानेभंज्यांगलाच मिळतो. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. वाट नेपाळच्या हद्दीत शिरते, तपासणी होते.

उत्तर २: पाय चालतील हो, प्रश्न उंचीचा. टुमलिंग, कालीपोखरी असे मुक्काम करा. जीपने थेट संदकफूला, ३६३६ मीटरवर गेलात तर डोकं धरू शकतं. बिखेभंज्यांगनंतरचा खडा चढ सावकाश चढा.

उत्तर ३: रात्री बाटली उलटी ठेवा, बर्फ आधी वर धरतो, तोंड मोकळं राहतं. पॉवरबँक पांघरुणात. नळीची पाणपिशवी घरीच ठेवा, नळी गोठते.