मदत हवी आहे: जुन्या अलॉय चाकांना (मिश्रधातूच्या ओतीव चाकांना) कोणते नट?

गाडी १९८६ची मारुती ८००, कोल्हापुरात. १२ इंची जुनी जपानी अलॉय मिळाली. ४ × ११४.३ पीसीडी (चार भोकं, ११४.३ मिमी व्यासाच्या वर्तुळावर) जुळतो, ऑफसेटही (चाक किती आत-बाहेर बसतं ते) ठीक, व्हील कुठे घासत नाही.

अडचण नटांची. मूळ नट निमुळते आहेत, अलॉयच्या भोकांची बैठक मात्र सपाट. म्हणजे बाहीचे (भोकात शिरणारी सरळ नळी असलेले), वॉशरवाले नट हवेत. स्टडची चुडी १२ × १.२५ (१२ मिमी जाडी, १.२५ मिमी पिच). निमुळते नट लावून गाडी फक्त गल्लीत हलवली, रस्त्यावर काढलेली नाही (काढणारही नाही).

दुसरं, दोन चाकांतून हवा जाते: चार दिवसांत ३० पीएसआयवरून २२. व्हॉल्व्ह बदलले, साबणाचं पाणी लावलं, तर बुडबुडे रिमच्या कडेला येतात. तिथे धातूवर पांढरा गंज धरला आहे. तारेच्या ब्रशने घासून थोडाच फरक पडला. ट्यूब घालायची नाही, स्पेसरही (चाकामागे घालायच्या चकत्या) नकोत.

इथल्या उद्यमनगरात (कारखान्यांच्या भागात) लेथवर नट वळवून देतो म्हणणारे आहेत, पण चाकाच्या नटावर तो जुगार वाटतो. तयार नट पुण्या-मुंबईत कुठे मिळतील, आणि बाहीची लांबी ठरवताना नेमकं काय मोजायचं? शिवाय पावडर कोटिंगच्या भट्टीत साधारण २०० अंशांची उष्णता चाळीस वर्षं जुन्या ओतीव चाकाला सोसेल, की साधा रंगच बरा?