हंगामी मुलांना मोटरबोट शिकवताना, बोट एकट्याच्या हाती कधी सोपवावी?

प्रश्न – फुगवटाकाठ (इगतपुरी)

सप्रेम नमस्कार. इगतपुरी तालुक्यातील एका धरणाच्या फुगवट्याकाठी आम्ही तंबूंचे छोटे निवासी शिबिर चालवतो. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत आसपासच्या गावांतील आणि नाशिकच्या महाविद्यालयांतील १८ ते २२ वयाची सहा-सात मुले-मुली आमच्याकडे कामाला असतात. पाहुण्यांना सकाळी पलीकडच्या काठावरील रानवाटेशी सोडायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, यासाठी १५ अश्वशक्तीच्या इंजिनाच्या, आठ जणांच्या दोन बोटी आहेत.

मुले चटकन शिकतात. दोन दिवसांत इंजिन सुरू करून समोरच्या काठापर्यंत बोट नेतात, आणि तिथेच माझी फसगत होते. गेल्या हंगामात ज्याला मी तयार समजलो होतो, त्या मुलाने धक्क्याजवळ येताना गोंधळून वेगाची मूठ कमी करण्याऐवजी वाढवली आणि बोट दगडी पायऱ्यांवर चढली. पाहुणे उतरलेले होते म्हणून कोणाला इजा झाली नाही. त्या मुलाला मी रागावलो नाही, कारण त्याला एकट्याने पाठवण्याचा निर्णय माझा होता. मुलगा तयार झाला, हे आपण कशावरून ठरवता?

उत्तर – जुना सारंग (नाशिक)

गंगापूर धरणाच्या पाण्यावर मी बरीच वर्षे बोट चालवली आणि पोरांना शिकवलेही. आपला प्रश्न योग्य आहे, मात्र शिकवण्याचा क्रम उलटा झाला आहे असे मला वाटते. बोटीला ब्रेक नसतो. म्हणून पहिले दोन दिवस बोट पुढे नेण्यात घालवू नयेत, थांबवण्यात घालवावेत. मी नव्या मुलाला पहिला दिवसभर फक्त वल्ही देतो. वारा बोटीला कसा आडवा लोटतो आणि अंगात आलेली गती किती वेळ टिकते, हे वल्ह्यावर हात दुखल्याशिवाय कळत नाही. शिवाय इंजिन बंद पडले की उरतात ती वल्हीच.

दुसरी गोष्ट इंजिनाला जोडलेल्या, बोट वळवण्याच्या दांड्याची. दांडा डावीकडे लोटला की बोटीचे नाक उजवीकडे वळते. मोटारसायकल चालवणाऱ्या मुलाला हे तोंडी सांगून उपयोग नसतो, कारण घाबरला की त्याचा हात जुन्या सवयीने चालतो. त्यातच बोट वळताना मागचा भाग विरुद्ध बाजूला फेकला जातो आणि बोट पुढे ढकलणारा इंजिनाचा पंखा तिथेच असतो. माणूस उजवीकडे पाण्यात पडला, तर नाक उजवीकडेच वळवायचे, म्हणजे पंखा त्याच्यापासून दूर जातो. मग वळसा घालून, वाऱ्याकडे तोंड करून सावकाश जवळ यायचे आणि माणूस हाताशी येण्याआधी इंजिन बंद करायचे.

याच्या सरावासाठी सोललेला नव्हे, अख्खा सालासकट नारळ घ्या. तो पाण्यावर तरंगतो, बुडणाऱ्या माणसाच्या डोक्याएवढाच दिसतो. मुलगा दुसरीकडे पाहत असताना न सांगता तो मागे टाका आणि ‘माणूस पडला’ असे ओरडा. उन्हाची तिरीप पाण्यावर असली, तर पन्नास-साठ मीटरवर तो नारळ नजरेतून निसटतो आणि एकाने त्याच्याकडे हाताने सतत खूण करत राहणे का गरजेचे असते, हे मुलाला त्याच क्षणी उमगते. वारा असताना सलग दहा वेळा त्याने नारळ पंख्याचा धोका न होऊ देता उचलला, की मी त्याला पुढच्या पायरीवर नेतो.

आपल्या मुलाच्या बाबतीत एक विचारतो. इंजिन बंद करणारी लाल दोरी त्याच्या मनगटाला होती का? गोंधळ झाला की मुठीशी झटापट न करता हात मागे खेचून ती दोरी ओढायची, ही सवय धक्क्यापासून दूर, मोकळ्या पाण्यात पंचवीसएक वेळा करून घ्यावी.

उत्तर – गाळपेर (सिन्नर)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. फक्त एक भर घालतो. हंगाम पुढे सरकतो तसे पाणी उतरते. डिसेंबरमध्ये ज्या वाटेने बोट बिनधास्त जात होती, तिथेच एप्रिलमध्ये बुडालेल्या शेतांचे बांध, जुन्या विहिरींचे कठडे आणि झाडांचे बुंधे हातभर पाण्याखाली येतात. मे महिन्यात पाणी तळाला गेले की मुलांना घेऊन उघड्या पडलेल्या जमिनीवरून पायी फिरावे, गाळपेर करणाऱ्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणाऱ्या शेतकऱ्यांना आणि मासेमारांना विचारावे आणि मुलांकडूनच नकाशा काढून घ्यावा. मासेमारांच्या जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे कुठे असतात, हेही त्यात यावे. जाळे पंख्यात गुंतले तर बोट अडकतेच, पण त्या माणसाची रोजीही बुडते.

उत्तर – पाणपाखरू (नाशिक)

मी स्वतः दोन हंगाम अशाच एका शिबिरात बोट चालवली आहे, म्हणून मुलांच्या बाजूने लिहिते. बोट चालवणे मला आठवड्यात जमले. ‘नाही’ म्हणणे हंगाम संपेपर्यंत जमले नाही. एकदा आठ जणांच्या बोटीत अकरा पाहुणे बसले. मी विरोध केला, तर शिबिराच्या व्यवस्थापकांनीच ‘जाऊ दे, जवळच तर आहे’ असे सांगितले. बोटीचा काठ पाण्यापासून वीतभरही वर राहिला नव्हता. मध्यावर बगळ्यांचा थवा दिसला आणि फोटोसाठी सगळे एका बाजूला उठले. त्या बाजूने पाणी आत आले तेव्हा माझ्या पायांना झालेला त्याचा स्पर्श मला अजून आठवतो. मी ओरडून सर्वांना खाली बसवले आणि अर्ध्या वाटेतून माघारी आले.

म्हणून दादा, आपल्या परीक्षेत एक दिवस आपणच हट्टी पाहुणा व्हा. लाइफ जॅकेट घालायला नकार द्या, नवव्या माणसाला चढवा, पुढच्या टोकावर उभे राहा. मुलगी किंवा मुलगा नम्रपणे, पण न डगमगता इंजिन बंद ठेवतो का, हे पाहा. मुख्य म्हणजे, तिने नाही म्हटले तर पाहुण्यांसमोर तिचाच शब्द शेवटचा राहील, हे हंगामाच्या पहिल्याच दिवशी सर्वांदेखत सांगा.

उत्तर – जुना सारंग

ताईंनी लिहिलेले माझ्या उत्तरात आधीच यायला हवे होते. कागदपत्रांचेही पाहून घ्यावे. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. त्यात यांत्रिक बोटीची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालकाचे पात्रता प्रमाणपत्र या सर्व बाबी आहेत. आपल्याकडचे प्रशिक्षण हे प्रमाणपत्राच्या जोडीला असते, त्याच्या ऐवजी नव्हे.

प्रश्नकर्ता – फुगवटाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सारंगकाका, लाल दोरी बोटीत होती, पण हँडलला गुंडाळून ठेवलेली होती. हे लिहितानाही वाईट वाटते. या रविवारपासून वल्ह्यांनी सुरुवात करतो आणि नारळ आजच आणून ठेवले आहेत. एक शंका राहते. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग अचानक चढतात आणि पाहुणे पलीकडे असतात. तेव्हा मुलांनी काय करावे?

उत्तर – जुना सारंग

गडगडाट ऐकू आला की बोट पाण्यात घालायची नाही. पाहुण्यांना पलीकडेच, एकट्या उंच झाडापासून आणि पाण्यापासून दूर, सखल जागी थांबवावे, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास उलटल्यावरच निघावे. त्यासाठी पलीकडच्या काठावर पाणी, चणे-गूळ, ताडपत्री आणि दोन विजेऱ्या हंगामभर डब्यात ठेवाव्यात, म्हणजे उशीर झाला तरी मुलाला परतण्याची घाई होणार नाही.