२० लिटरचा जार उन्हात तापतो, पाण्याला वास येतोय, प्यावं का?

वाघोलीची_सून: आमच्याकडे टँकरचं पाणी, म्हणून प्यायला जार घेतो. जारवाल्याचा छोटा हत्ती भर दुपारी गेटवर उभा, ताडपत्री वगैरे काही नाही, जार हाताला चटका बसेल इतके गरम, आणि कालपासून पाण्याला प्लास्टिकचा वास येतोय. सासूबाई म्हणतात उकळून घे. उकळून केमिकल जातं का? घरात लहान बाळ आहे.

प्लास्टिकवाला_भोसरी: नाही ताई. उकळून जंतू मरतात, प्लास्टिकमधून उतरलेलं तसंच राहतं. जार उलटा करून त्रिकोणातला आकडा बघा. १ असेल तर पेट नावाचं प्लास्टिक, ७ असेल तर जारच्या बाबतीत बहुतेक पॉलिकार्बोनेट, ते कडक आणि काचेसारखं चकचकीत असतं. बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल ए हे प्लास्टिक बनवायचं रसायन, या ७ वाल्यात, पेटमध्ये नाही. पेटमध्ये अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्याचा अंश असतो, डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला २० मायक्रोग्रॅम, साध्या तापमानाला पाणी त्याच्या बरंच खाली असतं पण ६० डिग्रीला दिवसेंदिवस पडून राहिलं की झपाट्याने वाढतं. आणि वासावर जाऊ नका, पाण्यात एवढ्याशा बीपीएचा वासच येत नाही.

कट्टा_सिंहगडरोड: केमिकलचं कौतुक पुरे, जार धुतात कसा ते आधी बघा! २०२५ च्या सुरुवातीला आमच्या भागात जीबीएस (नसांवर हल्ला करणारा गुलेन-बारी आजार) पसरलं तेव्हा पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू निघाला, प्लास्टिक नाही. सील आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) नंबर नसेल तर घेऊच नका.

वाघोलीची_सून: ७ निघाला 😟 आतून सगळे पांढरे ओरखडे. मी तर रिकामा जार गरम पाणी आणि साबणाने घासून परत देते, स्वच्छ राहावा म्हणून.

प्लास्टिकवाला_भोसरी: तेच करू नका, गरम पाणी आणि कडक साबण यानेच पॉलिकार्बोनेटमधून बीपीए जास्त सुटतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची मर्यादा २० हजार पटीने खाली आणलीय, आणि बाळाच्या बाटलीत तर आपल्याकडेही ते चालत नाही. एका जारने काही होत नाही, घाबरू नका, पण ओरखड्यांचा जार परत करा, पेटचा मागा, आणि आला की लगेच स्टीलच्या पिंपात ओता. बाळाचं पाणी उकळाच, ते जंतूंसाठी, सासूबाई तेवढ्यापुरत्या बरोबर आहेत 😄

कट्टा_सिंहगडरोड: आणि टँकरचं पाणी साठवायला भंगारातला निळा ड्रम आणला असेल तर आत आधी काय होतं ते विचारा, कारण प्लास्टिकने एकदा केमिकल शोषलं की कितीही धुवा.

वाघोलीची_सून: ड्रम आहे... गच्चीवर. उद्या विचारते.